व्यावसायिक हीट पंप: माप काढण्यापासून रोजच्या देखभालीपर्यंत

हॉटेल, वसतिगृह, रुग्णालय, जलतरण तलाव किंवा लॉन्ड्री, जिथे रोज हजारो लिटर गरम पाणी लागतं तिथे आता गिझर आणि डिझेल बॉयलरऐवजी हवेतून उष्णता घेणारे हीट पंप बसू लागले आहेत. या कामात नव्याने येणारे प्लंबर, इलेक्ट्रिशियन, एसी मेकॅनिक आणि इमारतीच्या मेंटेनन्सची माणसं यांच्यासाठी हा लेख आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करून घ्या. हीट पंप पाणी स्वतः तापवत नाही. तो बाहेरच्या हवेतली उष्णता गॅसच्या मदतीने उचलून पाण्यात टाकतो. त्यामुळे एक युनिट विजेत तीन ते चार युनिटांइतकी उष्णता मिळते. या पटीला सीओपी म्हणतात. यासाठी दोन गोष्टी अखंड वाहत्या लागतात, एका बाजूला हवा आणि दुसऱ्या बाजूला पाणी. "मशीन खराब आहे" अशा तक्रारींमध्ये बहुतेक वेळा मशीन चांगलंच असतं, या दोहोंपैकी एक वाट अडलेली असते.

आधी हिशेब, मग मशीन

१३० मुलींचं वसतिगृह धरू. दर डोई ५५ अंशांचं ३० लिटर पाणी पुरतं, कारण त्यात २० अंशांचं गार पाणी मिसळलं की अंघोळीच्या ४२ अंशांचं सुमारे ४८ लिटर होतं. म्हणजे दोन मोठ्या बादल्या आणि वर थोडं. एकूण गरज साधारण ४००० लिटर.

हिवाळ्यात टाकीत येणारं पाणी २० अंश आणि हवं ५५ अंश, म्हणजे वाढ ३५ अंशांची. ४००० × ३५ = १,४०,००० किलोकॅलरी. एक युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी, म्हणून त्याला ८६० ने भागलं की १६३ युनिट उष्णता. पाइप आणि टाकीतून जाणारी दहा टक्के उष्णता धरून १८० युनिट. मशीन दिवसाला १२ तास चालवायचं तर १८० ÷ १२ = १५ किलोवॅट. ही उष्णतेची क्षमता आहे, विजेचा भार नाही. सीओपी ३.२ धरला तर रोज सुमारे ५६ युनिट वीज लागेल. गिझरला याच कामासाठी १८० युनिटं लागली असती.

क्षमता वाचताना खालची बारीक अक्षरं नक्की पाहा. नेमप्लेटवरचा आकडा बहुधा २० अंश हवेला दिलेला असतो. हवा १० अंशांवर गेली की तेच मशीन पाव ते एक तृतीयांश कमी उष्णता देतं. मुंबईत याचा फारसा त्रास नाही, पण निफाड, नाशिक, महाबळेश्वरकडे डिसेंबर-जानेवारीत फरक कळतो. तिथे १८ ते २० किलोवॅटचं मशीन घ्या, किंवा १५ चंच घेऊन हिवाळ्यात जास्त तास चालवा.

मोठं मशीन घेऊन दोन तासांत पाणी तापवायचा मोह टाळा. महागडं मशीन, जाड केबल आणि वाढलेला मंजूर भार घेऊन ते दिवसातले बावीस तास नुसतं उभं राहतं. लहान मशीन, मोठी टाकी आणि जास्त तास हीच या यंत्रणेची प्रकृती आहे. रुग्णालयात मात्र एका मोठ्याऐवजी दोन अर्धी मशीन घ्यावीत. एक सर्व्हिसिंगला उघडलं तरी वॉर्डात पाणी जात राहतं.

टाकीचं माप सकाळच्या गर्दीवरून काढा. साडेपाच ते साडेआठ या वेळात दिवसाचं ८० टक्के, म्हणजे ३२०० लिटर पाणी जातं असं धरू. ३००० लिटरच्या टाकीतून साधारण ८० टक्के, म्हणजे २४०० लिटर पाणी खरोखर गरम मिळतं, उरलेलं खालच्या गार पाण्यात मिसळतं. त्याच तीन तासांत मशीन आणखी ११०० लिटर तापवतं. बेरीज ३५०० लिटर. भागतं.

जागा: वजन आणि हवा

गच्चीवर टाकी ठेवायची असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. आयएस ८७५ या मानकात लोकांचा वावर असलेल्या गच्चीसाठी धरलेला भार चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे १५० किलो आहे. ३००० लिटरची भरलेली टाकी तीन टनांच्या वर जाते. ती दोन चौरस मीटरवर उभी केली तर भार चौरस मीटरला दीड टन, म्हणजे दहापट होतो. म्हणून टाकी नेहमी कॉलम-बीमवर, लोखंडी आय-सेक्शनच्या चौकटीवर बसते. "स्लॅब जुना आहे, म्हणजे मजबूत आहे" या भरवशावर कधीही टाकी चढवू नका.

मशीनखाली १५० ते २०० मिलिमीटर उंच ओटा आणि रबरी व्हायब्रेशन पॅड द्या. कॉइलच्या, म्हणजे हवेतून उष्णता घेणाऱ्या नळ्यांच्या जाळीच्या, बाजूने किमान एक मीटर मोकळं सोडा आणि पंखा वर फेकणारा असेल तर वर अडीच-तीन मीटर काहीही नको. वर पत्र्याची शेड टाकून "मशीनला सावली" करणारे पुष्कळ आहेत. पंख्याने फेकलेली गार हवा त्या पत्र्याला आपटून परत कॉइलमध्ये शिरते आणि मशीन स्वतःचीच गार हवा ओढत बसतं. सीओपी पडतो, कधी ऐन हिवाळ्यात कॉइलवर बर्फ धरतो. बंद खोलीत किंवा तळघरात मशीन ठेवलं तर अर्ध्या तासात हेच होतं.

किचनच्या धुराड्याजवळ मशीन ठेवू नका. तेलकट थर फिन्समध्ये, म्हणजे कॉइलवरच्या पातळ पत्र्यांमध्ये, बसला की पाण्याने निघत नाही. रत्नागिरी, मालवण, गोवा अशा किनारपट्टीवर खारा वारा दोन-तीन वर्षांत ॲल्युमिनियमच्या फिन्स खाऊन टाकतो, म्हणून ऑर्डर देतानाच कोटिंग केलेली कॉइल मागा. नंतर कोटिंग करून घेणं तितकं टिकत नाही.

मशीनखालून पाणी येतं ते हवेतलं बाष्प आहे, गळती नव्हे. ओल्या हवेत १५ किलोवॅटचं मशीन तासाला चार-पाच लिटर पाणी काढतं. ड्रेन ट्रेपासून उताराचा पाइप काढून तो गच्चीच्या नाहाणीपर्यंत न्या, नाहीतर शेवाळ धरतं आणि कोणीतरी घसरतं.

पाइपची जोडणी

टाकीच्या जोडण्या कुठे आहेत यावर निम्मं यश ठरतं. गार पाणी तळाशी आत येतं, गरम पाणी वरून इमारतीत जातं, हीट पंपाकडे जाणारं पाणी तळातून निघतं. मशीन एका फेरीत पाणी पाचच अंश तापवणारं असेल, तर हीट पंपातून परत येणारं पाणी टाकीच्या मध्याच्या आसपास सोडावं. टाकीतला सेन्सर तळापासून साधारण एक तृतीयांश उंचीवर ठेवा. तो अगदी वर ठेवला तर टाकी जवळपास रिकामी झाल्यावर मशीन जागं होतं. तळात गार पाण्याच्या तोंडाशी ठेवला तर कोणी दोन बादल्या काढल्या तरी मशीन सुरू होतं.

मशीनच्या पाण्याच्या वाटेवर हा क्रम ठेवा. टाकीतून बॉल व्हॉल्व्ह, मग वाय-स्ट्रेनर (कचरा अडवणारी जाळी), मग पंप, मग एनआरव्ही (पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह), मग फ्लेक्झिबल जॉइंट, मग मशीन. बाहेर पडताना फ्लेक्झिबल जॉइंट, फ्लो स्विच (पाणी वाहत नसेल तर मशीन थांबवणारा), बॉल व्हॉल्व्ह आणि टाकी. दोन्ही बाजूंना थर्मामीटर आणि प्रेशर गेज. मशीनच्या दोन्ही तोंडांशी अर्ध्या इंचाचे टी आणि कॉक आत्ताच ठेवा, क्षार काढायला नंतर तेच लागतात. सर्वांत उंच ठिकाणी एअर व्हेंट हवाच.

स्ट्रेनरचा प्लग खाली आणि काढता येईल अशा जागी असू द्या. भिंतीला चिकटून बसवलेला स्ट्रेनर कोणी कधीच साफ करत नाही. फ्लो स्विचवर बाण असतो, तो पाण्याच्या दिशेने, आणि त्याच्या आधी-नंतर पाइपच्या व्यासाच्या पाचपट सरळ पाइप. एल्बोला चिकटून बसवला तर पाणी घुसळतं आणि पाकळी थरथरत राहते, मग मशीन विनाकारण ट्रिप होतं.

पाण्याचा प्रवाह किती हवा? १५ × ८६० ÷ ५ = २५८० लिटर ताशी, म्हणजे मिनिटाला ४३ लिटर. याला सव्वा इंची पाइप कमीत कमी, अंतर लांब असेल तर दीड इंची. पंप गरम पाण्याचा सील असलेला घ्या आणि त्याचा हेड, म्हणजे पाणी ढकलण्याची ताकद, ठरवताना मशीनच्या आतल्या प्लेट एक्स्चेंजरचा (गॅसची उष्णता पाण्याला देणाऱ्या भागाचा) चार-पाच मीटरचा अडथळा मोजायला विसरू नका.

साधा यूपीव्हीसी पाइप इथे अजिबात चालत नाही, साठ अंशांच्या आसपास तो मऊ पडतो. सीपीव्हीसी, पीपीआर किंवा स्टेनलेस स्टील घ्या. प्लॅस्टिक पाइप तापला की लांबतो. १० मीटर लांबीला ३५ अंशांच्या वाढीत सीपीव्हीसी सुमारे २३ मिलिमीटर, तर पीपीआर ५० मिलिमीटरच्या आसपास वाढतो. त्याला मध्ये लूप दिला नाही आणि क्लॅम्प घट्ट आवळले, तर सहा-आठ महिन्यांत एल्बोला चीर जाते. क्लॅम्प असा हवा की पाइप त्यात सरकेल.

पाणी स्वतःही वाढतं. २० पासून ६० अंशांपर्यंत दीड टक्का, म्हणजे ३००० लिटरला ४५ लिटर. उघड्या टाकीत त्यासाठी वर व्हेंट पाइप असतो. त्या पाइपवर व्हॉल्व्ह बसवू नये, बूच मारू नये, तो कुठेही दाबला जाऊ नये. बंद, दाबाच्या टाकीला एक्स्पान्शन टँक आणि प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह दोन्ही लागतात, आणि रिलीफ व्हॉल्व्हचं तोंड माणूस उभा राहत नाही अशा जागी खाली वळवलेलं असावं. या दोन ओळींत चूक झाली तर टाकी फुटते. बाकी चुकांनी फक्त बिल वाढतं.

सोलर आधीपासून असेल तर तो काढायची गरज नाही. गार पाणी आधी सोलरच्या टाकीत आणि तिथून हीट पंपाच्या टाकीत अशी मालिका करा. हीट पंपाने सोलरचीच टाकी पहाटे तापवली, तर दिवसभर उन्हाला करायला कामच उरत नाही.

सगळ्या गरम पाइपवर १९ मिलिमीटर नायट्राइल रबर आणि उघड्यावर त्यावर ॲल्युमिनियम क्लॅडिंग. नुसता काळा रबर उन्हात दोन उन्हाळ्यांत भुगा होतो.

वीज

हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियननेच करायचं. १५ किलोवॅट उष्णतेच्या मशीनला वीज साधारण साडेचार किलोवॅट लागते, थ्री फेजवर करंट सात अँपिअरच्या आसपास. पण केबल आणि एमसीबी ठरवायचा तो नेमप्लेटवरच्या कमाल करंटवरून, या सरासरीवरून नव्हे. मशीनसाठी पॅनलमधून स्वतंत्र लाइन, उत्पादकाने सांगितलेल्या प्रकारचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा), सर्ज प्रोटेक्टर आणि मशीनच्या हाताशी कुलूप लावता येईल असा आयसोलेटर (वीज तोडायचा स्विच). थ्री फेज मशीनच्या बॉडीला दोन वेगळ्या अर्थिंग पट्ट्या जोडाव्या लागतात. एकीवर भागवू नका. ओल्या गच्चीवर, पाण्याला लागून असलेलं हे यंत्र आहे.

एसपीपी म्हणजे फेजची राखण करणारा रिले नक्की लावा. एक फेज गेला तर मोटर जळते, आणि फेज उलटे लागले तर स्क्रोल कॉम्प्रेसर उलटा फिरतो. आवाज खरखरीत येतो, पाणी तापत नाही आणि काही मिनिटांत कॉम्प्रेसर खराब होऊ शकतो. ट्रान्सफॉर्मरवर काम झाल्यावर फेज उलटून येण्याचे प्रकार होतात, म्हणून पहिल्या दिवशी तपासलं म्हणजे झालं असं नाही.

सर्क्युलेशन पंप मशीनच्याच कंट्रोलरवरून चालवा. स्वतंत्र बटणावर ठेवला तर एक दिवस कोणीतरी तो बंद करून जातं.

पहिल्यांदा चालू करताना

नव्या पाइपमध्ये चुरा, टेफ्लॉन, वाळू असते. मशीनचे व्हॉल्व्ह बंद ठेवून, बायपास करून, लाइन आधी धुऊन घ्या. मग स्ट्रेनर उघडून साफ करा. मग टाकी भरा, व्हेंटमधून हवा जाऊ द्या आणि फक्त पंप अर्धा तास चालवा.

आता प्रवाह मोजा. फ्लो मीटर नसेल तर टाकीत परत येणाऱ्या पाइपचं तोंड २० लिटरच्या बादलीत धरा, पाणी अजून गार आहे तोवरच. बादली २८ सेकंदांच्या आसपास भरली तर ४३ लिटरचा प्रवाह आहे. ५० सेकंद लागत असतील तर मशीन सुरू करू नका. अर्धवट उघडा व्हॉल्व्ह, अडकलेली हवा, चोंदलेला स्ट्रेनर किंवा लहान पंप, यांतलं काहीतरी आहे.

बहुतेक मशीनमध्ये कॉम्प्रेसरचं तेल गरम ठेवणारा क्रँककेस हीटर असतो. कॉम्प्रेसर पहिल्यांदा चालवण्याआधी किमान १२ तास वीज चालू ठेवावी लागते, म्हणजे तेलात मिसळलेला गॅस उडून जातो. घाई करून हे टाळलं तर कॉम्प्रेसरला तेलाशिवाय फिरावं लागतं. पावसाळ्यात मशीन महिनाभर बंद राहिलं असेल तरी हाच नियम.

सुरू झाल्यावर वीस मिनिटांनी आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पाण्याचा फरक वाचा. पाच अंश ठीक. नऊ-दहा अंश म्हणजे पाणी कमी पडतंय. दोनच अंश म्हणजे पाणी जास्त आहे किंवा मशीन पुरती उष्णता देत नाही.

खरी परीक्षा मात्र टाकीवर होते. इमारतीकडे जाणारा व्हॉल्व्ह बंद करून ३००० लिटर पाणी तीन तास तापवा आणि विजेचं मीटर लिहून ठेवा. १५ किलोवॅटने तासाला ४.३ अंश चढले पाहिजेत. समजा तीन तासांत १२.५ अंश चढले आणि १२.५ युनिट वीज गेली. ३००० × १२.५ ÷ ८६० = ४३.६ युनिट उष्णता, म्हणजे सीओपी ३.५. हा कागद बाहेरच्या हवेचं तापमान लिहून पॅनलच्या दारावर चिकटवा. पुढे दर वर्षी त्याच महिन्यात हीच चाचणी घेतली की मशीनची तब्येत आकड्यांत दिसते.

तापमान किती ठेवायचं

पाण्याचं तापमान एक अंश वाढवलं की सीओपी साधारण दोन टक्क्यांनी पडतो, आणि साठच्या पुढे क्षारही झपाट्याने धरतात. म्हणून कोणालाही ५० वर ठेवावंसं वाटेल. पण २० ते ४५ अंशांच्या कोमट, साचलेल्या पाण्यात लिजिओनेला जिवाणू वाढतो. शॉवरच्या तुषारांतून तो फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया करतो. वृद्ध आणि रुग्ण यांना तो जिवावर बेतू शकतो. रुग्णालयात टाकी ६० अंशांवर आणि लांबच्या नळालाही ५० च्या वर पाणी हवं. वसतिगृहात रोज ५५ ठेवून आठवड्यातून एकदा बॅकअप हीटरने सगळी टाकी ६० च्या वर न्यावी.

मात्र ६० अंशांचं पाणी पाच-सहा सेकंदांत कातडी भाजतं, लहान मुलं आणि म्हाताऱ्या माणसांना त्याहूनही लवकर. म्हणून न्हाणीघराकडे जाणाऱ्या लाइनवर थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह लावून पाणी ४२-४३ अंशांवर आणा. हा व्हॉल्व्ह खर्च वाचवण्यासाठी गाळण्यासारखा नाही.

बॅकअप हीटरचा थर्मोस्टॅट नेहमी हीट पंपाच्या खाली, पाचेक अंश कमी ठेवा, फक्त साप्ताहिक उष्णतेच्या वेळी टायमरवर वाढवा. हीट पंप ५५ वर आणि हीटर ६० वर ठेवलेला असेल तर हीटरच सगळं काम करत बसतो, हीट पंप आरामात असतो आणि मालक म्हणतो, "बिल तर कमी झालंच नाही."

चालवायची मुख्य वेळ दुपारी ११ ते ५. हवा गरम असते, सीओपी चांगला मिळतो. आपल्या जोडणीला टीओडी दर लागू असतील तर बिलावरचे वेळेनुसारचे दर पाहून टायमर त्याप्रमाणे लावा.

गॅस आणि माणसाची सुरक्षा

नेमप्लेटवर गॅस वाचा. आर-४१०ए पेटत नाही. आर-३२ मंद पेटतो. आर-२९० म्हणजे प्रोपेन, स्वयंपाकाच्या गॅससारखाच ज्वलनशील आणि हवेपेक्षा जड. तो खाली उतरून नाहाणीत, खड्ड्यात, तळघराच्या जाळीत साचतो. अशा मशीनच्या आसपास उघडी गटार, खिडकी, वेल्डिंग, सिगारेट नको. न पेटणारा गॅसही बंद खोलीत गळला तर हवेतला ऑक्सिजन हटवून गुदमरवतो. गॅसची लाइन उघडायचं काम प्रशिक्षित मेकॅनिकचंच. "थोडा गॅस टॉप-अप करून द्या" ही मागणी आली तर आधी गळती शोधा. बंद सर्किटमधला गॅस संपत नसतो.

पॅनल उघडण्याआधी आयसोलेटर बंद, कुलूप, किल्ली आपल्या खिशात आणि टॅग. इन्व्हर्टर मशीनमध्ये वीज काढल्यावरही कपॅसिटरमध्ये काही मिनिटं विजेचा जीवघेणा दाब राहतो. उत्पादकाने सांगितलेला वेळ थांबा आणि मग मीटरने तपासा. फ्लो स्विच किंवा हाय प्रेशर स्विच वायरने शॉर्ट करून मशीन "चालू करून" कधीही देऊ नका.

काय बिघडतं

फ्लो फेल आलं की आधी स्ट्रेनर, मग एअर व्हेंट, मग व्हॉल्व्ह, मग पंप पाहा, सगळ्यांत शेवटी फ्लो स्विच. हाय प्रेशर ट्रिप म्हणजे गॅसमधली उष्णता पाण्यात जात नाही. प्रवाह कमी आहे, एक्स्चेंजरमध्ये क्षार धरलेत किंवा सेट तापमान मशीनच्या आवाक्याबाहेर ठेवलंय. लो प्रेशर ट्रिप म्हणजे हवेकडून उष्णता येत नाही. कॉइल धुळीने भरली, पंखा बंद पडला, बर्फ धरला किंवा गॅस गळला. मशीन दर दहा मिनिटांनी सुरू-बंद होत असेल तर सेन्सरची जागा आणि सुरू-बंदमधलं अंतर तपासा. चार-पाच अंशांचं अंतर असू द्या.

महाराष्ट्रातल्या बोअरच्या आणि टँकरच्या पाण्यात क्षार हा कायमचा शत्रू आहे. आत-बाहेरचा फरक चढत गेला, प्रेशर गेजमधली तफावत वाढली की क्षार धरायला लागले समजा. तेव्हा दोन्ही बॉल व्हॉल्व्ह बंद करून त्या अर्ध्या इंचाच्या टींना छोटा पंप जोडायचा आणि ५ टक्के सायट्रिक ॲसिडचं कोमट द्रावण, म्हणजे २० लिटर पाण्यात एक किलो, दोन-तीन तास फिरवायचं. हातमोजे आणि चष्मा लावून. नंतर साध्या पाण्याने भरपूर धुवायचं. हायड्रोक्लोरिक ॲसिड, ज्याला दुकानात नुसतं ॲसिड म्हणतात, ते स्टेनलेस प्लेटला भोकं पाडतं. पाणी फार जड असेल तर सॉफ्टनर लावणं दर तीन महिन्यांनी क्षार काढण्यापेक्षा स्वस्त पडतं.

स्ट्रेनर पहिल्या महिन्यात दर आठवड्याला, मग महिन्यातून एकदा. कॉइल दर तीन महिन्यांनी साध्या होजपाइपने, आतून बाहेर, म्हणजे हवा येते त्याच्या उलट दिशेने धुवा. प्रेशर वॉशरने फिन्स आडव्या पडतात. साखर कारखान्याजवळ गाळपाच्या हंगामात हेच काम दर पंधरवड्याला करावं लागतं, भुसा फिन्सवर गादीसारखा चढतो. पावसाळ्याआधी अर्थिंगचा रेझिस्टन्स, टर्मिनलचे स्क्रू, रिलीफ व्हॉल्व्हची हालचाल आणि पॅनलच्या दाराचा रबर तपासा. दोन पावसाळ्यांत तो रबर कडक होतो आणि पहिल्याच मुसळधार सरीला कंट्रोलरच्या बोर्डावर पाणी उतरतं.